चुकलेली पाळी

१५ मे १९८४, मंगळवार

सासूबाईंना आज सांगायचंच ठरवलं होतं. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी हळूच म्हटलं, "आई, माझी पाळी चुकलीय." मान वर न करता म्हणाल्या, "चुकली तर चुकली गो. आज जावेकडनं एक कळशी माग. परवा येल परत."

त्यांना विहिरीची पाळी वाटली. मी कळशी घेऊन जावेकडे गेले.

लग्न होऊन आले तेव्हा विहिरीला पाळ्या नव्हत्या. कुणीही कधीही कळशी बुडवावी. आता एका घराची पाच घरं झाली, दर घरात पोरंच पोरं, आणि विहीर तेवढीच. काल जाऊ आत उतरून करवंटीने पाणी भरत होती. वर आलं ते सगळं गढूळ.

हे शिमग्याला येऊन मुंबईला परत गेले. आमची चार आहेत. पाचव्याला कुठलं पाणी पाजू? कदाचित नुसती लांबली असेल. धाकटी अजून अंगावर पितेय, त्यानंही लांबते ना? पण मागच्या खेपेलाही मी हेच म्हणत होते.



परवा येईल म्हणाल्या. येऊ दे रे देवा. दोन्ही येऊ देत.