सोप्यावरच्या बाईचं मरण

पेडणे,
१० नोव्हेंबर १९९७

प्रिय रुद्रेश,

काल, रविवार दिनांक ९ नोव्हेंबर रोजी, दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी तू मला मारलंस. साक्षीदार शेजारची सत्यवती, व्हीसीआरही तिचाच. तक्रारीत आधी तारीख आणि वेळ लिहावी, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं, म्हणून लिहिली.

मनिलाहून तू पाठवलेली कॅसेट दोन महिने माझ्या कपाटात पडून होती. मारामारीच्या व्हिडिओ गेमवरून काढलेलं कार्टून मी या वयात कशाला बघू? पण नायकाच्या गावचा भाग तू काढलास, असं तुझ्या चिठ्ठीत होतं, आणि सत्यवती पाठच सोडेना. पहिली वीस मिनिटं नुसत्या लाथा. मग नायकाचं गाव आलं, आणि त्या परक्या देशातल्या घराला चक्क आपल्या घराची ओसरी, आपला सोपा. सोप्यावर एक बाई. दोरीला बांधलेला चष्मा, हनुवटीवर तीळ, लेकावर रोखलेलं बोट. सत्यवती हसून लोळायची बाकी राहिली. थोड्या वेळाने ती बाई अंथरुणाला खिळली. निरोप घेऊन एक माणूस धावत आखाड्यात आला, नायकाने जिंकत आलेली लढत अर्धी टाकली, डोंगर ओलांडून घर गाठलं आणि तुळशीच्या पानाने आईच्या तोंडात पाणी घातलं. मग ती गेली. त्या देशात तुळस होते का, हे तुझ्या साहेबांना विचारून घे. सत्यवती हसायची थांबली होती. म्हणाली, "पुतान तुका मारली गो, विनोदिनी. पूण बरी मारली."

त्या खेळाशी माझं वैर जुनं. म्हापशाच्या बसस्टँडमागच्या दुकानात ते यंत्र होतं. पणजीच्या आर्ट कॉलेजातून येताना तू तिथे उतरायचास, हे मला माहीतच नव्हतं. एका शुक्रवारी बाजाराला आले, तर तू यंत्राला चिकटलेला आणि बेकरीतल्या उंड्यांची पिशवी पोटाशी धरून तुझे बाबा मागे उभे. हरलं की ते यंत्र दहापासून उलटं मोजायचं. तेवढ्यात नाणं टाकलं की पडलेला गडी पुन्हा उभा. बाबा खिसे चाचपत होते. मी माझ्या तीन विद्यार्थिनींदेखत, वीस वर्षांच्या घोड्याला कॉलर धरून बसमध्ये बसवलं. बाबा मागच्या बाकावर जाऊन बसले ते पेडण्यापर्यंत. पुढे तू असलीच चित्रं काढायला मनिलाला निघालास, तेव्हा मी म्हटलं, जा, पण मग या घरात तुझं पान वाढलं जाणार नाही. ते तू खरं मानलंस. गणेश चवथीला मी अजून एक पान जास्तीचं मांडते आणि कुणी बघायच्या आत उचलते.

गावात म्हणतात, रुद्रेश बापाच्या मरणालाही आला नाही. दोन वर्षं मी ते ऐकून घेते आहे. आता लिहिते. बाबा चार दिवस अंथरुणावर होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, रुद्रेशाला तार कर. मी म्हटलं, केली. केली नव्हती. वाटलं, दोन दिवसांत उठतील. आणि तू आपणहून यायला हवं होतंस, मी बोलावल्यावर नव्हे. पुढचे तीन दिवस रस्त्यावर गाडी वाजली की ते मान वळवायचे. तार मी केली ती माणसं स्मशानातून परतल्यावर.

तारेवर तारीख असते, आणि बाबा किती दिवस पडून होते ते गावातून कळतंच. तू कधी एका शब्दाने विचारलं नाहीस, म्हणून कालपर्यंत मी समजत होते की तुझ्या ध्यानात आलं नाही. पण तुझ्या कार्टूनात निरोप वेळेवर पोचतो. आणि अंथरुणावर तू बाबांना नाही, मला निजवलंस. त्यांना मी जे मिळू दिलं नाही, ते मला दिलंस. ही माफी आहे की शिक्षा, ते मला कळायला हवं.

तेव्हा लेखी उत्तर हवं, तुझ्या हस्ताक्षरात. सत्यवतीकडे फोन करू नकोस, ती सगळं ऐकते. शनिवार, २० डिसेंबर, दुपारी बाराच्या आत. पोस्टमन त्याच वेळी येतो. माफी की शिक्षा, ते एका ओळीत लिही. दुसऱ्या ओळीत लिही, कधी येतोस. मी सकाळपासून सोप्यावर बसलेली असेन, तू काढलीस तशीच, फक्त अजून जिवंत.

तुझीच,
आई