रुमाल कोणाच्या गळ्यात होता

दि. १९ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
स्नेहवर्धन मराठी मंडळ,
स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया.

विषय : ढोल पथकातून वगळलेल्या वादक रनीम शाहीन यांना गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत पूर्ववत स्थान मिळण्याबाबत.

संदर्भ : मंडळाच्या मराठी ग्रुपवर परवा आलेली वादकांची सुधारित यादी व त्यानंतर आपल्याशी फोनवर झालेले बोलणे.

महोदय,

अर्जदार उर्वी खानोलकर ही येथील विद्यापीठातून नुकतीच ध्वनिशास्त्रात एम.एस. झाली असून मंडळाच्या पथकात दुसऱ्या रांगेत ढोल वाजवते. एरवी ती आपल्याला मोरेश्वरकाका म्हणते. हा अर्ज मात्र अध्यक्षांना आहे, कारण काकांना सांगून झाले आणि काका म्हणाले, "बघू गं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस."

रनीम अर्जदाराबरोबर एकाच अपार्टमेंटमध्ये राहते. तिचे आईवडील पॅलेस्टिनी, जन्म न्यू जर्सीतला, धर्म मुसलमान. वसंतात ती अर्जदाराला गाडीने सरावाला सोडायला येत असे. इथल्या वसंतातल्या थंडीत गाडीत बसून कंटाळली आणि एक दिवस तिने ढोल मागितला. आधी तिने विचारले होते, गणपतीच्या मिरवणुकीत मी वाजवलेले कोणाला खटकेल का? पथकप्रमुख सत्यजितदादा म्हणाले, "ठेका चुकलीस तर खटकेल." तेव्हापासून ती ठेका चुकलेली नाही. हे अर्जदार मैत्रीण म्हणून नव्हे, सरावाची रेकॉर्डिंग तपासून लिहीत आहे. आरतीला ती बाजूला उभी राहते, प्रसाद घेते, आणि यावरून पथकात कधी कोणाचे काही अडले नाही.

यादीतून तिचे नाव गेले ते सरावाच्या एका फोटोमुळे, असे आपण फोनवर सांगितले. फोटोत पाठमोऱ्या वादकाच्या गळ्यात काळ्यापांढऱ्या जाळीचा रुमाल आहे. पॅलेस्टिनी लोक त्याला कुफिया म्हणतात. मंडळाच्या कार्यक्रमात राजकारण नको, अशी कोणा सभासदाची तक्रार आली आणि कार्यकारिणीने ती मान्य केली. फोटो पुन्हा पाहावा, ही नम्र विनंती. वादकाने टिपरू डाव्या हातात धरले आहे. पथकात डावखुरी एकच आहे आणि ती हा अर्ज लिहीत आहे. एप्रिलची संध्याकाळ होती, अर्जदार जॅकेट विसरली होती, रनीमने स्वतःचा रुमाल काढून तिच्या गळ्यात टाकला. रनीम त्या फोटोत नाहीच. तो तिनेच काढलेला आहे.

हे फोनवर सांगितल्यावर चूक दुरुस्त होईल असे अर्जदाराला वाटले होते. आपण हसलात आणि म्हणालात, "अगं, तुला गार लागत होतं. तुझं वेगळं." काय वेगळे, हे अर्जदाराला तेव्हा कळले नाही. न कळलेली गोष्ट तपासून पाहायची सवय असल्यामुळे काल, रनीम आलेली नसताना, पार्किंग लॉटमधल्या सरावाला अर्जदार भर उकाड्यात तोच रुमाल मुद्दाम घालून आली. कार्यकारिणीचे तीन सदस्य हजर होते. कोणी हरकत घेतली नाही. त्यांतल्या रत्नाकाकूंनी कापड बोटांत धरून पाहिले आणि विचारले, "कॉटन आहे का गं? इंडियन स्टोअरमध्ये मिळाला? माझ्यासाठीही आण." रुमाल तोच, पथक तेच, पार्किंग लॉट तोच. बदलले होते एवढेच की तो कोणाच्या गळ्यात आहे.

रुमालाचे कारण टिकेना, तेव्हा दुसरी कारणे आली. सचिव म्हणाले, मिरवणुकीसाठी शाळेचे मैदान भाड्याने घेतले आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे, तिचे ओळखपत्र बघावे लागेल. इतर कोणाचे बघणार का, असे अर्जदाराने विचारले. मग म्हणाले, कॅम्पसवर मेणबत्ती घेऊन उभी असतानाचा तिचा फोटो इंटरनेटवर आहे. आहे. त्या सभेत तिने मारल्या गेलेल्यांची नावे वाचली, त्यांत तिच्या मावशीच्या घरातली चार होती. शेवटी म्हणाले, "आपण व्हिसावरची माणसं, उगाच कशाला? आणि उद्या तिलाच परत पाठवलं तर?" कुठे पाठवतील, हे अर्जदाराने विचारले. दुसऱ्या रांगेत अमेरिकन पासपोर्ट असलेली ती एकटीच आहे. तिला परत पाठवायचे तर न्यू जर्सीला पाठवावे लागेल, आणि तिकडे ती दर महिन्याला स्वतःच जाते.

व्हिसाची भीती खोटी नाही. ती अर्जदारालाही आहे, हा अर्ज लिहितानाही आहे. किराणा दुकानात मागून "गो होम" ऐकून आपल्यातले अनेकजण न बोलता घरी आले आहेत. त्याची तक्रार मंडळाच्या बैठकीत झाली तेव्हा आपणच म्हणाला होतात की चेहरा बघून माणूस ठरवणाऱ्यांशी वाद घालता येत नाही. अर्जदार तरीही घालत आहे, कारण या वेळी समोर आपण आहात आणि आपल्याशी घालता येईल असे तिला अजून वाटते.

आता मूळ मागणी. ही यादी मराठी ग्रुपवर आली, त्यात रनीम नाही. त्यामुळे तिला यातले काहीही माहीत नाही. आपण सुचवलेत, "तूच सांग ना, तुझी मैत्रीण आहे. ढोल कमी पडले म्हण." ढोल कमी पडलेले नाहीत. अर्जदार तसे सांगणार नाही. तिला खरे कारणही सांगता येत नाही, कारण दोन दिवस ते मनात जुळवते आहे आणि प्रत्येक वेळी वाक्य "आमच्या लोकांना" इथपर्यंत येऊन थांबते.

गुरुवारी साडेसहाला सराव आहे. तोपर्यंत यादी दुरुस्त व्हावी, ही विनंती. निर्णय कायम असेल, तर आपण स्वतः साडेसहाच्या आधी पार्किंग लॉटमध्ये यावे आणि रनीम गाडीतून ढोल उतरवण्यापूर्वी तिला सांगावे. ती वेळेवर येते. अर्जदार शेजारी उभी राहील, पण बोलणार नाही. भाषांतर करून द्यावे लागणार नाही. आपले इंग्रजी चांगले आहे.

गुरुवारपर्यंत आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
उर्वी खानोलकर
(ढोल, दुसरी रांग)

सोबत : वर उल्लेखिलेला फोटो, डाव्या हाताभोवती खूण करून.