हिरव्या साडीतला वाय

सयाजीदादा,

धाकट्या मंगलचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तुमच्या आणे गावचं वारं त्याला सोसत नाही, तरी तू पट्टा बांधणार नाहीस, माहीत आहे मला. वहिनी बरी असेल. नसली तरी ती सांगायची नाही. फोन सोडून पत्र लिहिते, कारण फोन कानाला लावला की सासूबाई कान टवकारून दारात उभ्या. (शिवाय मराठीच्या पेपरात पत्रलेखन असतं, तेवढाच सराव.)

तर ओतूरच्या वर्गात माझा दहावीचा अभ्यास जोरात चाललाय. परवा सरांनी फळ्यावर लिहिलं, एक्स अधिक वाय बरोबर दहा. म्हणाले, ही अक्षरं म्हणजे चल, यांची किंमत बदलते. एकाची ठरवा, दुसऱ्याची आपोआप ठरते. मी विचारलं, पण खरं उत्तर कोणतं? म्हणाले, बेरीज दहा भरली की सगळीच खरी. एक्स सात तर वाय तीन, एक्स दहा तर वाय शून्य. दादा, 'वाय शून्य' ऐकलं आणि डोळ्यापुढं आमचे हेच उभे राहिले, तुझे गोरखदाजी! शेण, वैरण, धारा, चूल धरून आमच्या घरचं काम दहा. एक्स मी. लग्न झाल्यापासून एक्स दहा आणि वाय ओट्यावर तंबाखू मळतोय. बेरीज बरोबर येते, म्हणून आजवर कोणी चूक काढली नाही.

म्हटलं, किंमत बदलते ना, मग बदलू दे की! काल सकाळी जाहीर केलं, आजपासून एक्स पाच, आणि पुस्तक घेऊन बसले. वायची आपोआप ठरेल म्हणून वाट बघतेय. कसली आपोआप! (फळ्यावरच्या वायला आई नसते.) शेण तसंच पडलं, म्हैस रेकून रेकून गाव गोळा करायला लागली. शेवटी हे बादली घेऊन बसले, तर तिनं लाथेसरशी बादली उडवली. तिला माझी सवय, परक्याला पान्हा सोडत नाही. मग सासूबाईच ओरडल्या, "आरं, तिची साडी नेस की! तुजा बाप न्हाई व्हता का माझं लुगडं गुंडाळत?" झालं. ह्यांनी माझी हिरवी साडी नेसली, पदर मिशांपर्यंत ओढला, आणि म्हशीनं मुकाट बादली भरून दिली! तेव्हा मला चल म्हणजे काय ते पक्कं समजलं. अक्षर म्हणजे साडी. आत कोण बसलंय याच्याशी म्हशीला देणंघेणं नाही आणि गणितालाही नाही. सरांना सांगितलं, तर ते खडू हातात धरून कितीतरी वेळ हसत होते.

पण हे साडीत धारा काढत असतानाच नेमका डेअरीचा जानकू कॅन घ्यायला आला होता. संध्याकाळपर्यंत पारावर ह्यांचं नाव 'गोरखवहिनी' पडलं. हे घरी आले ते फणफणतच. म्हणाले, "लई झालं गणित. वर्ग बंद, परीक्षा बी न्हाई." मी म्हटलं, पेपर मी देणार. म्हशीची कास तुंबू दे, चूल विझू दे, गाव हसू दे. नववीत माझी शाळा सोडवून लग्न लावलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं, आता मीही कोणाला विचारायची नाही. लई राग आलाय दादा, आणि तो पेपर होईपर्यंत मी उतरू देणार नाही.

दहावी होणारच अशी,
मंगल

ता. क. : गणिताचा पेपर येत्या सोमवारी. त्या दिवशी एक्स शून्य, आणि ह्यांनी तर साडीला हात लावायचा नाही अशी शपथ घेतलीय. तेव्हा रविवारीच मुक्कामाला ये आणि धारा तू काढ. गुडघ्याचं कारण सांगू नकोस. हिरवी साडी धुऊन खुंटीला लावलीय, तुझ्या पोटाला पुरेल.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवायला उठले, तर खुंटी रिकामी. गोठ्याचं दार आतून लावलंय आणि बादलीत धारा वाजतायत. मी काही बघितलेलं नाही. तू येऊ नकोस. पत्र मात्र टाकतेच. वहिनीला मोठ्यानं वाचून दाखव, आणि तुमच्या घरी वाय किती आहे ते तिलाच लिहायला सांग.