आजीच्या तव्याची ढाल

आई,

तू विहारातून यायच्या आत मला निघावं लागतंय. कॉलेजात आज रोबोटच्या कुस्त्या आहेत. वरण झालंय, भात लावलाय. भाकऱ्या तेवढ्या नाहीत, कारण तवा माझ्याबरोबर चाललाय.

तुझ्या आईचा तवा मी न विचारता कापला. "भाकऱ्या आता त्या रोबोटवरच भाज," एवढं म्हणालीस आणि तेव्हापासून माझ्याशी बोलली नाहीस. पण आई, बाजारातला पत्रा पहिल्याच धडकेत वाकत होता. हा तवा जन्मभर जाळावर राहिला, तरी वाकला नाही. म्हणून तोच ढाल करून पुढे बसवला. समोरून हातोडा येऊ दे नाहीतर करवत, आपला गडी मागे हटायचा नाही.

सकाळी चालवून पाहिला, तर जागच्या जागी घसरायला लागला. बॅटरी बघितली, वायरी बघितल्या. शेवटी चाकांना बोट लावलं, तर खोबरेल. तवा गंजू नये म्हणून त्याला लावलंस ते बरं केलंस. पण लेकरू लढायला निघालं म्हणून त्याचे पायही चोळलेस होय गं? तेलाने चाकांची पकड सुटते.

दुपारी राकेशदादाच्या रिक्षातून ये. बोलू नकोस हवं तर, नुसती पुढच्या रांगेत बस. आज मी जिंकणार आहे.

चाकं सर्फच्या पाण्याने पुसून घेतली. तव्यावरचं तेल तसंच राहू दिलंय.

चैताली