ट्रेलर पुढे, मी मागे

१२ मार्च, रविवार

निर्णय झाला. ट्रकला पुढच्या बंपरखाली हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा आकडा, बसवायचा. मागे आहेच, तो सगळ्यांच्याच ट्रकला असतो. पण ट्रेलर मागे अडकवून बोट तळ्यात सोडायची म्हणजे आरशात बघत उलटं जायचं, स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे पळणार, आणि बायको, डार्ला, पाण्यात उभी राहून हातवारे करणार. पद्धतच मूर्खपणाची आहे. पुढे अडकवला की ट्रेलर डोळ्यांसमोर. ढकलत न्यायचा. भांडणाचं कारणच संपलं.

डार्ला सध्या बहिणीकडे आहे, लव्हॉनकडे. नाताळ झाल्यावर गेली. थोडे दिवस म्हणून. बहिणी बहिणी बसल्या की वेळेचं भान राहत नाही.

ठराव: मे महिन्यात मासेमारीचा मोसम उघडेल त्या शनिवारी बोट पाण्यात, डार्ला माझ्या शेजारी. त्याआधी हिच तयार पाहिजे.

१३ मार्च

डार्लाला मेसेज केला. पुढचा हिच मागवलाय, यंदा तुला पाण्यात उभं राहायला लागणार नाही, मोसमाच्या पहिल्या दिवशी ये. उत्तर आलं: बघू.

म्हणजे येणार. आमच्या भागात तोंडावर नाही कोणी म्हणत नाही, बघूच म्हणतात, हे मला माहीत आहे. पण ते परक्यांना. मी नवरा आहे.

१९ मार्च, रविवार

शेजारचा डेल्मर कॉफी प्यायला आला. त्याला बेत सांगितला. म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. म्हटलं, मी बावीस वर्षं शाळेची बस चालवतोय, मला चालवणं शिकवू नकोस. तो म्हणाला, बस कधी रिव्हर्स घेतलीस? म्हटलं, नियमच आहे, पोरं असताना बस मागे घ्यायची नाही. मग म्हणाला, लेका लायल, पण हे म्हणजे बैल गेला नि झोपा केला. म्हटलं, बैल बहिणीकडे गेलाय, परत यायचाय. त्यावर तो उठला. कप विसळून ठेवून गेला. पटलं असणार.

आता इथे लिहूनच ठेवतो, कारण लोक तिखटमीठ लावतात. गेल्या सप्टेंबरात रॅम्पवर, तळ्यात बोटी सोडायच्या उतारावर, ट्रेलर तीनदा वाकडा गेला. मागे गाड्यांची रांग. मी डार्लाला एवढंच म्हटलं की हात हलवतेस का माश्या हाकलतेस. ओरडलो वगैरे नाही. माझा आवाज मुळातच मोठा आहे, बसमुळे. रांगेतले दोघं-चौघं हसले. ती पाण्यातून बाहेर आली, ओल्या पँटनिशी रस्त्याला लागली आणि चालत घरी गेली. घर काही जवळ नाही. नंतर त्यावर एक अक्षर बोलली नाही, म्हणजे विषय तिथेच संपला होता. तशी नंतर ती एकूणच फार बोलली नाही.

२५ मार्च, शनिवार

हिच आला. खोका उचलताना कमरेत चमक. आत लोखंडाचा जाड आडवा दांडा, मधोमध चौकोनी नळी, दोन पट्ट्या, बोल्ट. पुस्तिकेत लिहिलंय, अर्धा तास, दोन माणसं. दोन माणसं हे वकिलांच्या भीतीने लिहितात.

आधी पुढचे जुने हुक काढावे लागतात. रस्त्यावरच्या मिठाने बोल्ट गंजून दगड झालेत. तेल मारून ठेवलंय. उद्या लोण्यासारखे निघतील.

२६ मार्च

निघाले नाहीत. मोठा पाना आणायला दुकानात गेलो. परत येतो तर शिवणाचं मशीन जागेवर नाही. डार्ला येऊन गेली होती. पाच मिनिटं थांबली असती तर ट्रक दाखवला असता.

लव्हॉनचे पडदे शिवायचे असणार. लव्हॉनच्या खिडक्यांना पडदे नाहीत. म्हणूनच.

आणि फ्रीजरमध्ये शिजवून ठेवलेले डबे. ओव्हनमधला बटाट्याचा हॉटडिश, कोंबडी-भात, माझं सगळं आवडीचं. मी एका वेळी एक डबा धरून मोजले. एप्रिल निघेल. म्हणजे मे महिन्यात ती स्वतः येणार, उगाच का तेवढेच ठेवले? दोन डबे आजच खाल्ले. चव तीच. खाताना जरा गलबलून आलं. मिरी जास्त पडली असेल.

२ एप्रिल, रविवार

एक बोल्ट निघाला. दुसरा तुटला. ड्रिलने कोरून काढला, त्यात दुपार गेली.

मग ट्रकखाली उताणा झोपलो, दांडा छातीवर घेतला आणि दोन्ही हातांनी वर धरला. धरला तो धरलाच. नट लावायला तिसरा हात हवा. गुडघ्याने टेकवून पाहिला. दांडा सटकला आणि कपाळावर आला. सवयीने हाक मारली, डार्ला, जरा ये गं. गॅरेजमध्ये कोण येणार?

थोडा वेळ खालीच पडून राहिलो. विश्रांती म्हणून. फरशी बर्फासारखी होती, पण उठावंसं वाटेना.

९ एप्रिल, ईस्टर

कर्स्टिन आली, हॅम घेऊन. लेक गुणाची आहे पण आईवर गेलीय, एकदम मुद्द्यावर येते. कपाळाची पट्टी बघून म्हणाली, हे काय करून घेतलंस? मग म्हणाली, बाबा, आईने गावात बेकरीच्या वर जागा घेतलीय. वर्षभराच्या कराराने.

म्हटलं, बरोबर आहे, लव्हॉनचं घर लहान, अडचण होत असेल. वर्षाचा करार स्वस्त पडतो.

तिने डोक्याला हात लावला. म्हणाली, बाबा, अरे ट्रेलरचा नाहीये प्रश्न. म्हटलं, मग कशाचा आहे? म्हणाली, हे तू आईला विचारलंस का कधी? म्हटलं, विचारलं ना, मोसमाच्या पहिल्या दिवशी येतेस का म्हणून. बघू म्हणाली.

कर्स्टिन सिंकपाशी जाऊन भांडी घासत बसली. भांडी स्वच्छच होती.

१५ एप्रिल, शनिवार

बसला! जॅक, त्यावर लाकडाचा ठोकळा, त्यावर दांडा, असा इंच इंच वर चढवला. डेल्मर कुंपणावरून विचारत होता, धरू का? म्हटलं, जमतंय. नट घट्ट केले, लटकून पाहिलं, दांडा ढिम्म हलला नाही. डोळ्यांत पाणी आलं, खोटं का सांगू. एकट्याने केलं सगळं.

डार्लाला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला. बघूच्या पुढचीच पायरी ही.

२२ एप्रिल

तळ्यावर अजून बर्फ. सराव चर्चच्या पार्किंगमध्ये. पहिल्या फेरीत ट्रेलर जरा उजवीकडे गेला आणि "प्रार्थनेनंतर कॉफी, सर्वांचे स्वागत" हा फलक आडवा झाला. पाद्रीबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, तसा जुनाच झाला होता हो. मग म्हणाल्या, लायल, तुम्ही कसे आहात? म्हटलं, मस्त, स्टिअरिंगला जरा जड जातोय एवढंच. म्हणाल्या, मी ट्रकचं नाही विचारलं. त्यांना थंडी वाजत असावी, बराच वेळ उभ्या होत्या. मी आणखी चार फेऱ्या मारल्या.

३ मे

बर्फ गेला. सराव उत्तम. बादल्यांच्या मधून सुईत दोरा घालावा तसा ट्रेलर घालतो. बसच्या पोरांना सांगितलं तर एक म्हणाला, मग मागचा हिच कशाला ठेवलाय? हुशार आहे पोरगं.

डबे कधीच संपले. अंडी खातोय.

डेल्मर म्हणाला, शनिवारी मी तुझ्या बोटीत येतो, आमच्या जिनीचं काय, बायको आहे, सोडेल एक दिवस. म्हटलं, जागा नाही. म्हणाला, अरे चौघं बसतात तुझ्या बोटीत. म्हटलं, डार्ला ऐसपैस बसते. तो म्हणाला, बरं बाबा. मग मी शेजारची सीट साबणाने धुतली. ट्रकचीही आणि बोटीचीही.

९ मे, मंगळवार

शेवटी फोनच केला. म्हटलं, शनिवारी सकाळी घ्यायला येऊ का, बेकरीपाशी? ती म्हणाली, लायल, मी लव्हॉनबरोबर जातेय, तिने बोट घेतलीय. म्हटलं, बरं, मग रॅम्पवर भेटू. म्हणाली, तळं एकच आहे, भेट होईलच.

झालं तर मग. ठरलं. तिथे माझं पुढून उतरणं बघेल, आणि तिथूनच बोट बदलायची. लव्हॉनचं काय, ती समजून घेईल.

म्हणाली, हिच बसवलास, चांगलं केलंस. आवाज इतका मऊ होता. तिचा आवाज किती दिवसांनी ऐकला. फोन ठेवल्यावर तसाच बसून राहिलो. झोप आली नाही. कॉफी कमी केली पाहिजे.

१३ मे, शनिवार

नीट लिहितो.

रॅम्पवर रांग होती. डार्ला आणि लव्हॉन आधीच बोटीतून पाण्यात, धक्क्यापासून थोड्या लांब. डार्लाने लाल जॅकेट घातलं होतं, नवीन. मी हात केला. तिने केला.

माझी पाळी आली. ट्रक नाकासमोर ठेवला, ट्रेलर पुढे, आणि ढकलत उतरलो. सरळ. एका दमात. धक्क्यावरच्या म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली. डेल्मर जिनीबरोबर लांबून जाता जाता ओरडला, वा रे पठ्ठ्या! बोटीचा पट्टा वरच सोडून ठेवला होता. मी ब्रेक जरा दाबला, बोट ट्रेलरवरून सुटली आणि अलगद तरंगली. काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं.

मग बोट निघाली.

मी बघत होतो, ही थांबत का नाही? दरवर्षी थांबते. दरवर्षी हे सगळं माझ्या पाठीमागे व्हायचं. मी ट्रक वर नेऊन लावायचो, चालत खाली यायचो, तोवर बोट धक्क्याला बांधलेली असायची. इतकी वर्षं मला वाटायचं, बोटी तशाच असतात.

दार उघडून पळालो. कमरेपर्यंत पाण्यात गेलो, बुटांत पाणी, दम संपला. बोट मात्र निवांत तळ्याच्या मधोमध चाललेली. धक्क्यावर कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

डार्लाने लव्हॉनला काहीतरी सांगितलं. दोघी वळल्या, माझ्या बोटीला गाठून धक्क्यापर्यंत ओढत आणलं. डार्ला वाकली, दोर माझ्या हातात दिला. म्हणाली, धर नीट. मग म्हणाली, ट्रेलर सरळ आणलास अगदी.

म्हटलं, ये ना. सीट धुतलीय तुझी.

ती माझ्या ओल्या पँटकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. माझे तर वाहतच होते, पाण्यात भिजल्यामुळे म्हणायची सोय होती, पण ते रडणंच होतं. म्हणाली, नाही लायल, मी नाही येणार. म्हटलं, आज नाही का? म्हणाली, आज नाही आणि नंतरही नाही. घरी जाऊन कोरडे कपडे घाल आधी. लव्हॉन दुसरीकडे बघत होती. त्यांनी इंजिन चालू केलं आणि गेल्या. लाल जॅकेट लहान होत गेलं, तरी मी बघत राहिलो.

मागे रांग तशीच. आमच्याकडे हॉर्न वाजवत नाहीत. एक जण गाडीतून उतरून धक्क्यावर आला, खाकरला. म्हणाला, घाई नाही हं, पण तुमचा ट्रक रॅम्पवर चालूच आहे. दोर सोडावा तर बोट जाते, धरावा तर ट्रक तिथेच. तो म्हणाला, तुमच्याबरोबर कोणी आहे का?

म्हटलं, आहे ना. बायको येतेय.

तो म्हणाला, मग थांबतो. आणि थांबला बिचारा.