पयले पुसून घे

साकोली,
१७ ऑगस्ट २०१४

चि. अंकुश,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. धानाची रोवणी आटोपली. बाबांचे गुडघे तेवढे कुरकुरतात. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते. पत्र कट करता येत नाही.

यंदाही विहाराच्या सभागृहात लोकांच्या जुन्या कॉम्प्युटरांवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकून द्यायचा रविवार ठरवलाय, दिवाळीनंतरचा पहिला. विंडोज एक्सपीचं अपडेट बंद झाल्यापासून लोक स्वतःहून चौकशी करतात. इथल्या नेटचा भरवसा नाही, म्हणून सगळं आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवलंय. झेरॉक्सवाला टिकाराम लांब वायरचे बोर्ड देणार आहे. अंगणवाडीच्या पंचफुलाबाई गेल्या वर्षी माउसला हात लावायला घाबरत होत्या, आता नव्या बायांना मीच शिकवीन म्हणतात.

दोन नियम केलेत. आधी सगळ्याची कॉपी, मगच मशीनला हात. आणि शिबिरात 'पुसणे' हा शब्द बंद. 'विचारा' म्हणायचं, नाही तर 'मिटवा'. तयारीच्या बैठकीत फळ्यावर हे वाचून पंचफुलाबाई म्हणाल्या, "मंग हा नियम कायले केला, ते कोनाले पुसू?" सगळे हसले. बाबा उठून बाहेर जाऊन बसले.

आता मूळ गोष्टीला हात घालते. गेल्या वर्षीच्या शिबिरात तू आमच्या घरच्या मशीनवर लिनक्स टाकायला बसलास, तेव्हा मी चहाच्या गडबडीत होते. तू बाबांना विचारलंस, जुनं ठेवायचं की सगळं काढून टाकायचं? ते म्हणाले, "पयले पुसून घे." त्यांना म्हणायचं होतं, आधी सरिताला विचार. तू पुण्यात वाढलेला. तुझ्या कानाला पुसणं म्हणजे मिटवणंच. तू बटण दाबलंस.

त्यात आईचा, म्हणजे तुझ्या मावशीचा, आवाज होता. तांदूळ निवडता निवडता ती बोलत बसायची, ते मी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. तुझंही नाव त्यात होतं, लहानपणी सुट्टीत यायचास तेव्हाच्या खोड्यांसकट. दुसरी कॉपी नव्हती. मला तुझा फार राग आला होता, खोटं कशाला बोलू. पुढे तो ओसरला, पण तोवर तू इकडचा रस्ताच सोडलास.

बाबांनी तो आवाज एकदाही ऐकला नव्हता. ती गेल्यावर तो ऐकायचा धीर होईना, म्हणून उद्यावर ढकलत राहिले. ते मशीन आजही कापडाखाली झाकलेलं आहे, कोणाला हात लावू देत नाहीत. मला वाटायचं, तुझ्यावर रागावलेत.

काल भात कालवता कालवता थांबले. म्हणाले, "मीच म्हनलो पुसून घे. पोरगा मले दोष देऊन राहिला असन, म्हनून येत नाही."

तू इकडे तोंड दाखवत नाहीस आणि ते तिकडे स्वतःला कोसत बसलेत. एका शब्दापायी दोघं वाळून चाललात रे. मी म्हटलं, बाबा, तसं काही नाही, तो शरमेनं येत नसेल.

ते म्हणाले, "तू कायले सांगतं? त्यालेच पुस."

म्हणून पुसते, अंकुश. येशील?

तुझी,
सरिताताई