किल्लीवाल्याचे हात

४ मार्च

चि. पट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ एक अडचण.

पत्र टाइप केलेलं बघून अजून दचकतेस का? शेजारच्या मास्तरांनी शिकवलं तसं एका बोटाने ठोकते. बाकी ठीक. तुझी आई येऊन माझं कपाट आवरून गेली, तेव्हापासून मला काही सापडत नाही.

अडचण अशी. संपादकांनी काल बोलावलं होतं. किल्लीवाल्याचे आणखी चार भाग छापतील, मग बंद. आठ वर्षं दर आठवड्याला मुलांच्या पानावर माझी चित्रकथा आली, पण आता एकही वाचक पत्र पाठवत नाही म्हणतात. मागच्या भागात आपल्या तोटीचोराने सूर्य गिळला, तरी कुणी हूं की चूं केलं नाही.

तू यंत्रांतलं शिकलेली. मला एवढंच सांग, सूर्याहून मोठं काय असतं? तोटीचोराला ते गिळायला लावते आणि किल्लीवाल्याच्या डोळ्यांतून त्याहून मोठा किरण काढते. वेळेवर जेवतेस ना? तुझ्या पत्रांत नुसते आकडे असतात.

रागावायला तू समोर हवीस, तोवर लोभच करते,
मावशी


७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

जेवते. दीड वाजता, रोज.

सूर्याहून मोठे तारे पुष्कळ आहेत. यादी सोबतच्या कागदावर आहे. उपयोग होईल असं वाटत नाही. सूर्य गिळल्यावर आठ मिनिटं वीस सेकंदांनी आपल्याकडे अंधार होतो. त्यानंतर किल्लीवाला, तू, संपादक आणि वाचक यांपैकी कुणीच फार दिवस टिकत नाही. मग पुढचा तारा कुणासाठी गिळायचा?

कारखान्यात माझं काम पंपांची थरथर मोजण्याचं. कुठल्या दाबाला पंप बंद पडेल ते आम्ही शोधतो. जो कशानेच बंद पडत नाही त्याच्यापाशी कुणी उभं राहत नाही. तुझा नायक तसा झाला आहे, आणि खलनायकही. सुरुवातीला किल्लीवाल्याला फक्त कुलपं उघडता यायची, तीही वेळ लावून. तोटीचोर गल्लीतल्या नळांच्या तोट्या पळवायचा. मी तेव्हा बारावीत होते. अंक यायचा त्या दिवशी अभ्यास व्हायचा नाही.

सगळे ४१२ भाग माझ्याकडे आहेत. रविवारी पहिल्यापासून वाचून बिघाड कुठे सुरू झाला ते काढते.

लोभाला एकक नाही, म्हणून आहे एवढंच लिहिते,
पट्टी


११ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

वाचून झालं. बिघाड भाग २८७ मध्ये सुरू होतो.

त्याआधी प्रत्येक भागात एका तरी चौकटीत किल्लीवाल्याची बोटं जवळून दिसतात. वाकवलेली तार, कुलपाचं भोक, नखात अडकलेलं ग्रीस. २८७ मध्ये त्याच्या डोळ्यांतून पहिला किरण निघाला आणि कुलूप वितळलं. त्यानंतरच्या सव्वाशे भागांत त्याचा हात एकदाही जवळून दिसलेला नाही. ३०२ मध्ये तो उडायला लागला, तेव्हापासून जिने नाहीत, कठडे नाहीत. ३२० मध्ये झगा आला, तो कोपरापासून खाली सगळं झाकतो. ३३४ मध्ये तोटीचोर काळोखाचा झाला. काळोखाला चेहरा लागत नाही, शाई ओतली की पुरते.

जिथे नवी शक्ती आली तिथे एक बारीक काम गेलं आहे. गोष्टीला हवी होती म्हणून आलेली शक्ती मला एकही सापडली नाही.

तुझी पत्रंही काढून पाहिली. हाताने लिहिलेलं शेवटचं मागच्या जूनमधलं.

निष्कर्ष इथे लिहीत नाही. तो चुकला असेल तर मला बरं वाटेल. पण उत्तर टाइप केलेलं नको.

तुझी,
पट्टी


१५ मार्च

चि. पट्टीस,
आशीर्वाद.

हे हाताने लिहिते आहे. लागेल तेवढं वाच, बाकी अंदाजाने भर. तुला अंदाज आवडत नाहीत, पण नाइलाज आहे.

अडीच वर्षं मी संपादकांना फसवलं, तुझ्या आईला फसवलं. सापडले कुणाला, तर जिचा हात धरून मी पहिली सरळ रेघ काढून घेतली त्या पोरीला. बरं झालं. फार दमले होते.

२८७च्या वेळी कुलपावरचा हात मी सात वेळा काढला आणि सात कागद टोपलीत टाकले. पेन कागदाला लागलं की हात थरथरायचा. संध्याकाळी अंक छापायला जायचा होता, म्हणून डोळ्यांतून किरण काढला. त्याला दोनच रेघा लागतात, त्याही फूटपट्टी लावून. संपादक खूश झाले. मग जे जे जमेना त्यावर एकेक शक्ती पांघरत गेले. त्याची शक्ती वाढली की त्याला टक्कर द्यायला तोटीचोरही वाढवावा लागायचा. बघता बघता सूर्यापर्यंत पोचलो.

डॉक्टरांकडे का गेले नाही, तेही सांगते. तुझे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी दुकान मिटवलं आणि खिडकीपाशी जाऊन बसले, ते कायमचेच. कुणी काही विचारलं की म्हणायचे, माझं झालं आता. मला ते म्हणायचं नव्हतं गं.

चार भागांनी बंद होतंय तेच बरं. कुणाला कळणार नाही.

तू ओळखलंस म्हणून रागावलेली नाही, उलट,
मावशी


१८ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

प्रत्येक शब्द लागला. अंदाज करावा लागला नाही.

आजोबांचं मला माहीत नव्हतं. पंप थरथरला की आम्ही आधी तो कशाने थरथरतो ते बघतो. बंद करायचा की चालू ठेवायचा हे त्यानंतर. तू तपासायच्या आधीच बंद करून मोकळी झाली आहेस.

शनिवारी डॉक्टरांची अकराची वेळ घेतली आहे. मी सकाळच्या गाडीने येते. आईला सांगितलेलं नाही, ते तू सांगायचं.

किल्लीवाल्याची शक्ती काढायची कशी, यावर मी काही सुचवत नाही. ते माझ्या कामाबाहेरचं आहे.

भेटीअंती,
पट्टी


३१ मार्च

चि. पट्टीस,
आशीर्वाद, आणि यावेळी अडचण नाही.

डॉक्टरांना तू इतके प्रश्न विचारलेस की शेवटी त्यांनी तुलाच विचारलं, पेशंट नक्की कोण. काम करताना थरथरणारा हात, घराण्यातला. पूर्ण जायचा नाही, पण गोळीने कमी होईल आणि काम सोडायची गरज नाही, एवढं मी पाठ केलं आहे. घरी येऊन तासभर रडले. आजोबांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. तुझ्या आईला फोन केला, तिने आधी ओरडून घेतलं, मग तीही रडली.

मग शेवटचा भाग काढायला बसले. सूर्य परत कसा आला ते विचारू नकोस. तोटीचोराला ठसका लागला, दोन चौकटींत उरकलं. ठसका थांबल्यावर तो घरी जातो तर दाराला त्याचंच कुलूप, आणि किल्ली तो केव्हाच गिळून बसलेला. गावात कुलूप उघडणारा एकच. येतो बिचारा खाली मान घालून. किल्लीवाल्याचे किरण सूर्याबरोबर गेले ते परतलेच नाहीत, झगा मी खुंटीला टांगला. आता तो गुडघे टेकून कुलपात तार घालतो आणि त्याचा हात थरथरतो. माझा जसा थरथरला तसा ठेवला, एकही कागद टोपलीत टाकला नाही. कुलपात पाच खिट्ट्या. तीन सरकल्या, आणि पान संपलं.

संपादक फोनवर म्हणाले, हा काय शेवट झाला? मी म्हटलं, नाहीच झाला. चार दिवसांत त्यांच्याकडे एकवीस पत्रं आली आहेत. पुढचा भाग मंगळवारपर्यंत हवा आहे त्यांना.

गोळी घेते, कोपराखाली उशी घेते, तुझं नाव रोज घेते,
मावशी


२ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

अंक माझ्याकडे काल पोचला. कॅन्टीनमध्ये उघडला होता. आमचे जुने फिटर समोर बसतात, ते कधी चित्रकथा वाचत नाहीत. त्यांनी तो उलटा पडलेला पाहिला, सुलटा केला आणि सोळाच्या सोळा चौकटी वाचल्या. चहा गार झाला. मग मला विचारलं, कुलूप उघडतं का. मी म्हटलं माहीत नाही. भाची असून माहीत नाही, हे त्यांना पटलं नाही.

सूर्य गिळला तो अंकही याच टेबलावर आठवडाभर पडून होता.

अकराव्या चौकटीत किल्लीवाल्याच्या हातातून तार निसटते. तोटीचोर हातातली बॅटरी थोडी जवळ आणतो. तो खलनायक आहे हे मी तेवढ्यापुरती विसरले. आठ वर्षांत तू काढलेली ही सर्वांत चांगली चौकट आहे. तपासून लिहिते आहे.

आणखी एक. आई नोकरीसाठी परगावी होती ती चार वर्षं मी तुझ्याकडे राहिले. तुझ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून मी जे शिकले त्यावर आज माझी नोकरी चालते. याबद्दल तुझे आभार मी कधी मानले नव्हते. बोलताना मला ते जमलं नसतं. इथे मानते.

पुढचा भाग तू आत्तापर्यंत काढला असशील. कुलूप उघडलं की नाही, मला कळवू नकोस. फिटर आणि मी अंक येण्याची वाट बघतो आहोत.

तुझी,
पट्टी